शेवट तोच, किंमत ज्याची त्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या फसलेल्या शेवटांवर लेख आला. त्यात ‘मास इफेक्ट ३’ला पहिला क्रमांक दिला आहे आणि कारण एका वाक्यात उरकलं आहे : तीन भागांत खेळाडूंनी घेतलेले सगळे निर्णय अखेर तीन रंगांच्या तीन स्फोटांत वाया गेले. हे वाक्य मी २०१२ पासून ऐकते आहे. ज्यांनी खेळ खेळला त्यांच्याकडून ऐकलं, ज्यांनी हातही लावला नाही त्यांच्याकडून तर जास्तच. मला ते साफ चुकीचं वाटतं आणि का वाटतं हे नीट सांगायला जागा लागणार आहे. पत्र लांबलं आहे. कापायचंच झालं तर कंपनीबद्दलचा भाग कापा, टाली आणि मॉर्डिनबद्दलचा कृपया ठेवा.

मालिका न खेळलेल्या वाचकांसाठी आधी थोडं. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीने तिचे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ मध्ये आणले. तिन्ही भागांत मुख्य पात्र एकच, कमांडर शेपर्ड. शेपर्ड पुरुष की स्त्री, दिसायला कसा, वागायला कसा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. रीपर नावाची अवाढव्य, विचार करणारी यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येतात आणि आकाशगंगेतल्या साऱ्या प्रगत संस्कृतींची कापणी करून जातात. यंदाची कापणी शेपर्डने रोखायची आहे. पण लोक या मालिकेच्या प्रेमात पडले ते या गोष्टीमुळे नव्हे. एका भागाची सेव्ह फाइल, म्हणजे आपण काय काय केलं त्याची नोंद, पुढच्या भागात नेता येत होती. पहिल्या भागात तुमच्या हातून जो मेला, तो तिसऱ्यात नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा असतो, आणि तो तुमच्याशी वेगळं बोलतो.

आणि आता तो शेवट. क्रुसिबल नावाचं, कित्येक नष्ट झालेल्या संस्कृतींनी आराखडा पुढे-पुढे सोपवलेलं एक यंत्र सिटाडेल या अंतराळस्थानकाला जोडलं जातं. रक्तबंबाळ शेपर्ड तिथे पोहोचते आणि तिच्यासमोर एका लहान मुलाच्या रूपात कॅटलिस्ट उभा राहतो. रीपरांना चालवणारी बुद्धी ती हीच. तो तीन वाटा दाखवतो. लाल वाटेने गेलात तर रीपर नष्ट होतील, पण त्यांच्यासोबत सगळी कृत्रिम जीवसृष्टीही जाईल. निळ्या वाटेने शेपर्डचा देह संपेल आणि तिचं मन रीपरांचा ताबा घेईल. हिरव्या वाटेने आकाशगंगेतला प्रत्येक जीव थोडा सजीव, थोडा यंत्र होऊन जाईल. निवडा आणि मरा.

मूळ आवृत्तीत या तिन्हींची चित्रफीत जवळपास सारखीच होती, फक्त रंग वेगळे. संताप तिथून सुरू झाला. काही चाहत्यांनी बायोवेअरच्या कार्यालयात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे सुमारे ४०० कपकेक पाठवले. रंग तीन, चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. निषेध म्हणून याहून नेमकं काही सुचणं कठीण. (कंपनीने ते कपकेक तरुणांसाठीच्या एका निवाराकेंद्राला देऊन टाकले.) माझा सगळा वाद त्या एका चवीशी आहे. कारण माझ्या घरात हा शेवट दोघांनी गाठला, मी आणि माझ्या दादाने, आणि आम्हा दोघांना त्याची चव कणभरही सारखी लागली नाही.

पहिल्या भागापासून आम्ही दोघं आपापल्या फायलींवर खेळलो. व्हर्मायर ग्रहावर रेक्स हा क्रोगन साथीदार बंदूक रोखून उभा राहतो. त्याच्या जमातीला सॅलेरियन या दुसऱ्या जमातीच्या शास्त्रज्ञांनी जीनोफेज नावाचा विकार जडवला आहे, त्यामुळे हजारात जेमतेम एक गर्भ जगतो. त्यावरचा इलाज ज्या तळावर आहे तो तळच आपण उडवायला निघालोय. मी रेक्सला समजावू शकले. दादाला जमलं नाही, रेक्स तिथेच मेला. दुसऱ्या भागात मेलॉन नावाच्या शास्त्रज्ञाचं संशोधन हाती लागतं. ते क्रोगन कैद्यांचे हाल करून मिळवलेलं आहे. दादाने ते नष्ट केलं. असलं ज्ञान जगात राहू नये असं त्याचं म्हणणं होतं, आणि आजही आहे. मी ते ठेवलं.

या दोन निर्णयांचं काय झालं ते बघा. तिसऱ्या भागात टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर जीनोफेजचा इलाज हवेत सोडायची वेळ येते. माझ्या खेळात क्रोगनांचा नेता रेक्स होता, शहाणा आणि दूरचं पाहणारा. इलाज जिच्या रक्तातून तयार झाला ती क्रोगन स्त्री ईव्हही जिवंत होती, कारण मेलॉनचं संशोधन मी राखलं होतं. मॉर्डिन सोलस हा सॅलेरियन शास्त्रज्ञ कोसळत्या मनोऱ्यात वर गेला, गाणं गुणगुणत त्याने काम पुरं केलं आणि तिथेच संपला. आपणच करायला हवं होतं, दुसऱ्याच्या हातून चुकलं असतं, असं तो म्हणतो. दादाच्या खेळात नेता होता रेक्सचा भाऊ रीव, सूडाने पेटलेला. ईव्ह मेली होती. अशा जमातीची संख्या पुन्हा भराभर वाढू द्यायची का, हा प्रश्न त्याच्यासमोर खरोखरीचा होता. त्याने मॉर्डिनला पटवलं, इलाज खोटा ठरू दिला, आणि मॉर्डिन जिवंत राहिला. पुढे तो क्रुसिबलच्या कामाला हातभार लावतो. मी हे दादाच्या पडद्यावर पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मॉर्डिन जगू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या जगण्यासाठी आधी रेक्स मरावा लागतो, ईव्ह मरावी लागते आणि एका अख्ख्या जमातीला फसवावं लागतं.

निर्णय वाया गेले म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, यातलं नेमकं काय वाया गेलं?

रॅनॉक ग्रहाचंही तसंच. क्वारियन लोकांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी गेथ नावाचे यंत्रसेवक बनवले. गेथ आपण कोण आहोत असे प्रश्न विचारू लागले तेव्हा घाबरून क्वारियनांनी त्यांना संपवायला घेतलं. युद्ध झालं, क्वारियन हरले आणि घरदार सोडून जहाजांच्या ताफ्यात राहू लागले. तिसऱ्या भागात ते मायभूमी परत घ्यायला येतात. तिथे शेपर्डला दोघांतलं एक वाचवावं लागतं. दोघांमध्ये समेट करता येतो, पण त्यासाठी दुसऱ्या भागात टाली या क्वारियन साथीदाराच्या खटल्यात काय केलं, लीजन या गेथ साथीदाराच्या मोहिमेत काय ठरवलं, त्या दोघांचं भांडण मिटवलं का, तिसऱ्या भागात अॅडमिरल कोरिसला सोडवलं का, असं कितीतरी जुळून यावं लागतं. २०१० मध्ये घेतलेला निर्णय २०१२ मध्ये समोर येऊन उभा राहतो. माझं जुळलं. दादाला तो पर्याय दिसलाच नाही. त्याने गेथांची बाजू घेतली आणि क्वारियन ताफा आकाशात जळाला. टालीने चेहऱ्यावरचा मुखवटा काढला आणि कड्यावरून स्वतःला मागे झोकून दिलं. पहिल्या भागापासून सोबत असलेली टाली. दादा बराच वेळ कंट्रोलर हातात धरून बसून राहिला होता, आणि त्या दिवशी त्याने पुढे खेळलं नाही.

आता या दोघांना त्या तीन वाटांसमोर उभं करा.

दादाने हिरवी वाट घेतली. तो म्हणाला, गेथांना वाचवण्यासाठी मी टाली दिली, आता लाल वाटेने गेलो तर गेथही जातील, मग टाली कशासाठी गेली? हे उत्तर खेळातल्या कुठल्याही पात्राने त्याला सुचवलेलं नाही. ते त्याच्या आणि फक्त त्याच्या फायलीतून आलं. मी लाल वाट घेतली. माझ्या खेळात गेथ आणि क्वारियन एकत्र होते. गेथ क्वारियनांच्या अंगरख्यांमध्ये शिरून त्यांच्या शरीराला जंतूंची हळूहळू सवय करून देत होते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुखवट्याआड जगलेल्या त्या लोकांना एक दिवस मोकळ्या हवेत श्वास घेता यावा. हे सगळं मीच घडवून आणलेलं होतं आणि त्या एका पावलाने मी त्यातला गेथांचा भाग पुसून टाकला. ईडीही गेली. ईडी म्हणजे आमच्या जहाजाची बुद्धी, दुसऱ्या भागापासून हळूहळू माणसांत रुळलेली, जोकर या आमच्या वैमानिकाच्या प्रेमात पडलेली. शेवटच्या दृश्यात नॉर्मंडी या आमच्या जहाजावरच्या मृतांच्या फलकावर तिचं नाव लागतं. मी आजही तीच वाट घेईन. आकाशगंगेतल्या प्रत्येक जिवाचं शरीर त्याला न विचारता बदलण्याचा अधिकार मला नाही, आणि रीपरांचा लगाम कुणाच्याही हाती असू नये, अगदी माझ्या शेपर्डच्याही. पण त्या निवडीने मला काय मोजायला लावलं हे माझ्या शेजारी बसून खेळणाऱ्या दादालाही पूर्ण कळलं नसतं. ज्याने रॅनॉकवर गेथ मरू दिले त्याला लाल वाट जवळपास फुकट पडते.

बटणं तीनच आहेत हे खरं. पण त्यांची किंमत आधीच्या शंभर तासांत तुम्ही स्वतः ठरवलेली असते. बहुतेक खेळांत शेवट हे बक्षीस असतं : नीट वागलात तर चांगलं दृश्य, वाईट वागलात तर वाईट. ‘मास इफेक्ट ३’ने बक्षीस द्यायचं नाकारलं. नीट वागलेल्यालाच जास्त गमवायला लावलं. हे अन्यायाचं वाटू शकतं, मलाही त्या रात्री वाटलं. पण युद्धात ज्याच्याकडे जपण्यासारखं जास्त, त्याचंच जास्त जातं, आणि ही मालिका पहिल्या भागापासून युद्धाचीच होती. शिवाय शेवट अगदीच एकसारखा असतो हेही खोटं. ज्याची युद्धाची तयारी फारच तोकडी, त्याच्यासमोर तिन्ही वाटा उघडतच नाहीत आणि लाल वाटेने त्याची पृथ्वी होरपळून निघते.

रंगांची टिंगल खूप झाली, म्हणून रंगांबद्दल. पहिल्या दोन्ही भागांत निळा रंग सज्जनपणाचा आणि लाल रंग कठोरपणाचा. संवाद निवडताना खेळाडू अर्थ न वाचताही निळं दिसलं की दाबत होते, कारण निळं म्हणजे बरोबर. शेवटी कॅटलिस्ट पर्याय सांगतो तेव्हा लाल वाटेवर कोण दिसतं? अॅडमिरल अँडरसन, मालिकेतला सगळ्यात सरळ माणूस. आणि निळ्या वाटेवर इल्युझिव्ह मॅन, सर्बेरस या संघटनेचा प्रमुख, ज्याच्या हातून आपण इतका वेळ आकाशगंगा सोडवत होतो. दोन भाग ज्या कुबडीवर चाललो ती लेखकांनी शेवटच्या पावलाला काढून घेतली. आता रंग बघून ठरवता येणार नाही, तुझं तू ठरव. हा आळस नाही. हे कुणीतरी विचार करून केलेलं आहे.

तीन वाटा शेवटच्या दहा मिनिटांत आकाशातून पडल्या, असाही आरोप आहे. २००७ चा पहिला भाग आठवा. त्यातला खलनायक सारेन सजीव आणि यंत्र यांच्या मिलनाचं स्वप्न बघत होता आणि त्याच्या स्वतःच्या शरीरात यंत्रं रोवलेली होती. इल्युझिव्ह मॅन दुसऱ्या भागापासून रीपरांची ताकद वापरायची भाषा करत होता. अँडरसनला ते नष्ट झालेले हवे होते. मालिकेतले तीन मोठे आवाज तीन उत्तरं घेऊन आधीपासूनच बोलत होते. आणि ज्याला त्यातलं काहीच पटलं नाही त्याच्यासाठी जून २०१२ मध्ये चौथी वाट आली, तिचं बोलणं पुढे करते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मी टाळणार नाही. कॅटलिस्ट म्हणतो, यंत्रं आपल्या निर्मात्यांवर उलटतातच, म्हणून हे चक्र. मग ज्या खेळाडूने रॅनॉकवर समेट घडवून आणला त्याच्याकडे याचा जिताजागता पुरावा असताना शेपर्ड वाद का घालत नाही? दादापेक्षा हा प्रश्न मलाच जास्त छळत होता, कारण समेट माझ्या फायलीत होता. माझं उत्तर असं आहे. कॅटलिस्ट हा लेखकांचा आवाज नाही. तो एक यंत्र आहे, ज्याला एक काम दिलं गेलं आणि ज्याने ते काम भयंकर रीतीने पार पाडलं. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ‘लेव्हायथन’ या पुरवणी भागात त्याचा उगम स्पष्ट होतो : लेव्हायथन नावाच्या प्राचीन जमातीने यंत्र-सजीव संघर्ष मिटवण्यासाठी ही बुद्धी बनवली आणि तिने पहिल्यांदा त्यांनाच कापून त्यांच्या रूपातला पहिला रीपर घडवला. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तिला जन्म दिला, त्या प्रश्नाचं सर्वांत मोठं उदाहरण ती स्वतः आहे, आणि हे तिला दिसत नाही. अशा बुद्धीला काही आठवड्यांचा समेट दाखवून काय पटणार? कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात तिच्यासाठी तो एक अपवाद. तिच्याशी वाद जिंकता येत नाही. तिचं गणित न पटूनही तिच्याच यंत्रापाशी उभं राहून काहीतरी करावं लागतं. शेपर्डने तिथे भाषण ठोकून तिला गप्प केलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, पण रीपर ही काय चीज आहे याबद्दल तीन भाग जे सांगत आले ते सगळं खोटं पडलं असतं.

मुलाच्या रूपावरही लोक चिडतात. तो मुलगा तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, व्हँकुव्हरवरच्या हल्ल्यात, शेपर्डच्या डोळ्यांदेखत मरतो. नंतर तो तिच्या स्वप्नात येत राहतो, काळ्या सावल्यांच्या रानात पळत. त्या रानात कुजबूज ऐकू येते, तुमच्या खेळात जे मेले त्यांचे आवाज. माझ्या रानात केडन हा साथीदार बोलत होता, कारण व्हर्मायरवर त्याला मी मागे ठेवलं होतं. ज्या चेहऱ्याला ती वाचवू शकली नाही त्याच चेहऱ्याने तिला शेवटचा प्रश्न विचारला जातो. मला यात खोट दिसत नाही.

मूळ आवृत्तीत खोट नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. ६ मार्च २०१२ ला जो खेळ आला त्यात नॉर्मंडी ऐन युद्धातून पळताना दिसते आणि का पळते ते सांगितलेलंच नाही. शेपर्डबरोबर लंडनमध्ये लढणारे साथीदार त्या जहाजात कसे पोहोचले तेही नाही. त्याहून वाईट म्हणजे एकट्याने खेळणाऱ्याची युद्धतयारी निम्मीच धरली जायची. ती वाढवायला इतरांबरोबर ऑनलाइन सामने खेळावे लागत, आणि ते न खेळणाऱ्याला ढिगाऱ्यात शेपर्ड श्वास घेते ते शेवटचं दृश्य मिळणं जवळपास अशक्य होतं. कथेच्या शेवटावर असा टोल बसवणं गैर होतं. दिग्दर्शक केसी हडसन यांनी खेळ येण्याआधी मुलाखतीत सांगितलं होतं की शेवट ‘अ, ब, क’ असा मोजता येणारा नसेल. तसं सांगायला नको होतं. लोक चिडले ते उगाच नाही.

पण चिडण्याचंही दोन प्रकारांनी झालं. काही चाहत्यांनी शेवट बदलावा म्हणून मोहीम काढली आणि तिच्या नावाने आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेला ८०,००० डॉलरहून जास्त पैसे जमा करून दिले. ही माणसं मला माझीच वाटतात, मत उलटं असलं तरी. दुसरीकडे एका ग्राहकाने अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे फसवणुकीची तक्रार नोंदवली. कथेचा शेवट आवडला नाही म्हणून ग्राहक-तक्रार! शेवट हा वस्तूचा दोष नसतो. तसं मानलं तर उद्या कुणी लेखक नायकाला मारायची हिंमत करणार नाही.

२६ जून २०१२ ला बायोवेअरने ‘एक्स्टेंडेड कट’ विनामूल्य दिला. नॉर्मंडीचं कोडं सुटलं, तयारीची अट सैल झाली, प्रत्येक वाटेनंतरचं जग दिसलं. २०२१ च्या ‘लेजेंडरी एडिशन’मध्ये तो मुळातच आहे आणि ऑनलाइन सामने काढून टाकले आहेत, म्हणजे आज नव्याने खेळणाऱ्याला २०१२ चा तो तुटका शेवट भेटतही नाही. आपल्या लेखात याचा उल्लेख नाही, आणि तो असायलाच हवा होता. मला स्वतःला त्यातली पुढचं सगळं सांगणारी निवेदनं थोडी जास्त वाटतात. पण चौथी वाट त्यातच आली, आणि त्या एका गोष्टीसाठी मी ‘एक्स्टेंडेड कट’ची ऋणी आहे. शेपर्ड तिन्ही वाटा नाकारू शकते. मुलावर गोळी झाडलीत तर त्याचा आवाज एकदम जड, रीपरासारखा होतो आणि तो म्हणतो, तर मग तसंच होवो. चक्र पुरं होतं. सगळे मरतात. शेपर्डची साथीदार लियारा हिने पुरून ठेवलेला संदेश पुढच्या चक्रातल्या कुणालातरी सापडतो आणि ते जिंकतात. तत्त्व पाळता येतं, किंमत सर्वांनी द्यायची. ज्यांना चौथा पर्याय हवा होता त्यांना तो मिळाला, आणि खेळाने तोही फुकट दिला नाही.

एक गट असाही आहे ज्याला शेवट आवडतो, पण तो खरा घडलाच नाही या अटीवर. त्यांच्या मते हार्बिंजर या रीपरच्या किरणाने शेपर्ड कोसळल्यानंतरचं सगळं तिच्या मनावर रीपरांनी मिळवलेल्या ताब्याचा भास आहे आणि लाल वाट म्हणजे त्या भासातून जाग येणं. बारकावे फार मेहनतीने गोळा केले आहेत त्यांनी. पण या वाचनाने माझे गेथ परत येतात. ईडी परत येते. म्हणजे मी काहीच केलं नाही, फक्त एक परीक्षा पास झाले. मला ही सुटका नको आहे.

शिवाय शेवट म्हणजे ती दहा मिनिटंच का मानायची? तिसरा भाग अख्खाच शेवट आहे. थेन या साथीदाराचा मुलगा रुग्णालयात बापाच्या उशाशी प्रार्थना म्हणतो, तो शेवट आहे. लंडनच्या ढिगाऱ्यांत गॅरस हा जुना साथीदार म्हणतो की दोघंही मेलो तर वरच्या बारमध्ये भेटू, तो शेवट आहे. सिटाडेलवर अँडरसन आणि शेपर्ड शेजारी शेजारी टेकून पृथ्वीकडे बघत बसतात आणि तो तिला सांगतो की मला तुझा अभिमान वाटतो. जेनिफर हेल यांनी शेपर्डच्या आवाजात त्या जागी जो थकवा आणला आहे तो ऐकून कुणी म्हणावं की या लोकांनी घाईत उरकलं! मार्च २०१३ चा ‘सिटाडेल’ हा पुरवणी भाग खरा निरोप आहे असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यातली मित्रांची मैफल मलाही प्रिय आहे. पण ती घडते शेवटच्या हल्ल्याच्या आधी, आणि उद्या काय होणार हे ठाऊक असल्यामुळेच ती इतकी लागते.

हे सगळं आज लिहिण्याला कारण आहे. २०१७ चा ‘अँड्रोमेडा’ तिसऱ्या भागाच्या घटनांआधी निघालेल्या जहाजांची गोष्ट दुसऱ्या आकाशगंगेत नेऊन या प्रश्नाला बगल देऊन गेला. आता बायोवेअर पुढच्या ‘मास इफेक्ट’वर काम करत आहे आणि डिसेंबर २०२० च्या झलकेत लियारा बर्फातून शेपर्डच्या चिलखतावर असतं तेच ‘एन७’ चिन्ह असलेला एक तुकडा उचलते. आपल्या लेखकांची सूचना अशी की नव्या भागाने तो बदनाम शेवट सरळ रद्द करावा, किंवा निदान तीनांतला एक ‘खरा’ ठरवून वाद संपवावा. मला दोन्ही नको. मूळ खेळातच श्रेयनामावलीनंतर एक म्हातारा एका लहानग्याला शेपर्डची गोष्ट सांगताना दिसतो. त्याला आवाज दिलाय चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी. तो म्हणतो, यातले काही तपशील काळाच्या ओघात हरवले. म्हणजे पुढच्या पिढ्यांना नक्की काय झालं ते ठाऊक नाही, हे लेखकांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. नव्या भागाला एवढी जागा पुरेशी आहे. दादाची हिरवी वाट खोटी ठरवून माझी लाल खरी केली, तर मला त्याचा आनंद होणार नाही.

आपल्या लेखकांना एक विनंती. यादी पुन्हा करायची झाली तर ‘लेजेंडरी एडिशन’ पहिल्या भागापासून, स्वतःची फाइल घेऊन खेळून बघा. शेवटची चित्रफीत तेवढी इंटरनेटवर पाहून या शेवटाबद्दल काही ठरवता येत नाही. त्यानंतरही मत तेच राहिलं तर जरूर तसं लिहा, मी वाचेन. फक्त त्यात आपण कोणती वाट घेतली आणि रॅनॉकवर कुणाला वाचवलं होतं, हे आवर्जून सांगा.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक